बिल्बाओ ते ओविएदो : उत्तर स्पेनमधील मोटारप्रवासाची आखणी

बिल्बाओहून ओविएदोला जाताना ए-८ हा महामार्ग धरला, तर सुमारे २८० किलोमीटरचे अंतर साधारण तीन तासांत पार होते आणि वाटेत कुठेही पथकर द्यावा लागत नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला ओविएदोत पोहोचतो. मात्र असा पोहोचलेला माणूस स्पेनच्या उत्तर किनाऱ्याविषयी फारसे काही सांगू शकणार नाही, कारण या दोन शहरांच्या मधला प्रदेश महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, थोडासा आत दडलेला आहे. उजव्या हाताला कान्ताब्रियन समुद्र आणि त्याच्या खाड्या आहेत, तर डाव्या हाताला पिकोस दे एउरोपा ही चुनखडीची डोंगररांग समुद्रापासून अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटरवर अडीच हजार मीटरपलीकडे उठते. हाच प्रवास सहा दिवसांत कसा करावा, त्यासाठी आधी काय ठरवावे आणि काय मुद्दाम ठरवू नये, याचा विचार पुढे केला आहे.

आखणीचे मुख्य सूत्र आधीच सांगतो. या मार्गावर डोंगरातले दिवस आधी निश्चित करावेत आणि किनाऱ्यावरचे दिवस त्यांच्याभोवती बसवावेत. बहुतेक जण नेमके उलट करतात. किनाऱ्यावरची गावे एकापाठोपाठ एक पाहत जातात, त्यात चार दिवस संपतात आणि पिकोससाठी एक घाईची दुपार उरते. नेमकी त्याच दुपारी ढग खाली उतरलेले असतात. किनाऱ्यावरचे गाव पावसातही पाहता येते, पण ढगात बुडालेल्या शिखरासाठी काहीच करता येत नाही.

दिशा आणि ऋतू

प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे बिल्बाओहून ओविएदोकडे करावा. स्पेनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि पश्चिमेकडे जाताना समुद्रही उजवीकडेच राहतो. त्यामुळे समुद्राकडच्या थांब्यांवर गाडी वळवताना समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागत नाही. डाव्या बाजूने गाडी चालवण्याची आयुष्यभराची सवय असलेल्या आपल्यासारख्या चालकाला पहिल्या दोन दिवसांत ही सोय फार मोलाची वाटते. या दिशेचा एक तोटाही आहे. दुपारनंतर सूर्य समोरून डोळ्यांवर येतो, म्हणून मोठी अंतरे सकाळी कापावीत आणि दुपार पायी फिरण्यासाठी ठेवावी.

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला. जूनमध्ये ओविएदोत सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवस हाताशी भरपूर असतो. ऑगस्टमध्ये स्पेनमधील असंख्य कुटुंबे उन्हाळ्यातून सुटका म्हणून याच किनाऱ्यावर येतात. त्या महिन्यात मुक्काम महाग होतात, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि पिकोसमधल्या केबल कारसाठी तासन्‌तास रांग लागते. ईस्टरच्या आठवड्यातही हेच चित्र असते. हिवाळ्यात खिंडींमध्ये बर्फ पडतो आणि टायरला साखळ्या लावाव्या लागतात. आपल्याकडच्या चालकाने पहिल्या खेपेला तो धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाविषयी मनाची तयारी आधीच करून ठेवावी. हा प्रदेश ‘हिरवा स्पेन’ म्हणून ओळखला जातो आणि ही हिरवळ फुकट आलेली नाही. येथे कोकणासारखा चार महिने कोसळणारा पाऊस नसतो. तो वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. ओविएदो ज्यात आहे त्या आस्तुरियास प्रांतात अंगाला जाणवेल न जाणवेल अशा बारीक पावसाला ‘ओर्बायू’ असा खास शब्द आहे. जूनमध्येसुद्धा पावसाळी जॅकेट आणि एक उबदार कपडा बॅगेत वरच्या बाजूला ठेवावा.

भारतातून निघण्यापूर्वी

स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मात्र उन्हाळी सुट्टीच्या आधी भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून किमान दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा द्यावा लागतो. हा विमा भाड्याच्या गाडीच्या नुकसानीला लागू होत नाही. गाडीच्या विम्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो आणि तो पुढे येईलच.

वाहन चालवण्यासाठी मूळ भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना जवळ ठेवावा. तो आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो. अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर करता येतो, त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि चालू परवाना लागतो आणि परवान्याची मुदत एक वर्षाची असते. त्यामुळे तो फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. व्हिसा हातात आला की लगेच अर्ज करावा. गाडी चालवण्याची शक्यता असलेल्या घरातल्या प्रत्येकाने तो काढून घ्यावा, कारण घाटात एकट्या चालकाला विश्रांती मिळत नाही.

भारतातून बिल्बाओला थेट विमान नाही. माद्रिदमार्गे किंवा युरोपातील दुसऱ्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून जावे लागते. परतीसाठी मात्र ओविएदोहून माद्रिदला रेल्वेने जाणे सोयीचे आहे. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये पाखारेसच्या डोंगराखालचा नवा रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून हा प्रवास तीन-साडेतीन तासांवर आला आहे. म्हणून विमानाचे तिकीट काढताना जाणे बिल्बाओला आणि परतणे माद्रिदहून, असा पर्याय जरूर तपासावा.

गाडी घेताना

बिल्बाओ शहर पाहण्यासाठी गाडी लागत नाही. फ्रँक गेरी यांनी रचलेले आणि १९९७ साली उघडलेले गुगेनहाइम संग्रहालय, जुन्या गावातील गल्ल्या आणि नेर्वियोन नदीवरचा १८९३चा लोंबत्या डब्याचा विस्काया पूल ही सर्व ठिकाणे मेट्रोने, ट्रामने आणि पायी पाहता येतात. गाडी शहरातला मुक्काम आटोपल्यावर, निघायच्या दिवशी सकाळी ताब्यात घ्यावी. त्यामुळे एक-दोन दिवसांचे भाडे आणि वाहनतळाचे पैसे वाचतात. लांबच्या विमानप्रवासानंतर जडावलेल्या डोक्याने उजव्या बाजूची वाहतूक शिकण्याची वेळही येत नाही.

गाडी लहान घ्यावी. जुन्या गावांतले रस्ते आणि काही घाटरस्ते अरुंद आहेत, आणि ऐसपैस गाडीचा आनंद पहिल्याच दगडी कमानीपाशी संपतो. युरोपात भाड्याच्या गाड्या बहुतांशी हाताने गिअर बदलण्याच्या असतात. आपल्याला डाव्या हाताने गिअर टाकायची सवय असल्यामुळे उजव्या हाताने ते करताना घोटाळा होतो. दाराच्या काचेवर हात आपटून गिअर शोधणारे भारतीय चालक मी पाहिले आहेत. शक्य असल्यास स्वयंचलित गिअरची गाडी घ्यावी. ती महाग पडते आणि मोजक्याच असतात, म्हणून नोंदणी लवकर करावी. बिल्बाओत घेतलेली गाडी ओविएदोत सोडण्यासाठी वेगळे शुल्क असते. ते भाड्याच्या पहिल्या आकड्यात दिसतेच असे नाही, म्हणून संपूर्ण रक्कम पाहूनच तुलना करावी.

मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड जवळ असणे आवश्यक आहे, कारण अनामत रक्कम त्यावर रोखून ठेवली जाते आणि डेबिट कार्ड अनेक ठिकाणी नाकारले जाते. विम्यात ‘फ्रांकीसिया’ म्हणजे नुकसानीचा ग्राहकाने सोसायचा हिस्सा किती आहे, हे विचारून घ्यावे. टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याचदा साध्या विम्यात नसतो, आणि डोंगरात नुकसान होते ते नेमके याच भागांचे. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा आणि चाकांच्या कडांचा व्हिडिओ काढून ठेवावा. स्पेनमध्ये नोंदलेल्या गाड्यांना २०२६च्या जानेवारीपासून बंद पडल्यावर छतावर ठेवण्याचा ‘व्ही-१६’ हा इशाऱ्याचा दिवा बंधनकारक झाला आहे. तो गाडीत कुठे ठेवला आहे, हे काउंटरवरच विचारावे.

इंधनाच्या बाबतीत एक सापळा आहे. ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलेओ’ म्हणजे डिझेल. दोन्ही शब्द सारखे दिसतात आणि पंपावर बहुधा आपले आपणच भरायचे असते. पेट्रोलचा नळ साधारणतः हिरवा आणि डिझेलचा काळा असतो. टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेले वाचल्याशिवाय नळ उचलू नये.

रस्त्याचे नियम थोडक्यात असे आहेत. महामार्गावर ताशी १२० किलोमीटर, साध्या दुपदरी रस्त्यावर ९० आणि गावात दोन्ही दिशांना एकेक पदर असलेल्या रस्त्यावर ३० ही मर्यादा आहे. राउंडअबाउटमध्ये आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला प्राधान्य असते, आणि बाहेर पडायचे ते बाहेरच्या पदरातूनच. सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे लागते. हा नियम तिथे कागदावर राहत नाही आणि डोंगरात सायकलस्वार भरपूर भेटतात. निळ्या रेषांच्या आत गाडी लावल्यास जवळच्या यंत्रातून पावती घ्यावी, पांढऱ्या रेषांत सहसा पैसे पडत नाहीत आणि पिवळ्या रेषेपाशी गाडी लावू नये. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

पहिले दोन दिवस : किनारा

बिल्बाओहून निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कास्त्रो उर्दियालेस येते. बंदराच्या टोकाला खडकावर सांता मारिया हे गॉथिक चर्च आणि त्याला लागून ज्याच्या बुरुजावर दीपगृह उभे आहे असा किल्ला, हे दृश्य पहिल्या थांब्याला साजेसे आहे. गाडी गावाच्या वरच्या अंगाला ठेवून खाली चालत जावे. पुढे सांतोन्या हे अँकोव्ही मासळीच्या डब्यांसाठी प्रसिद्ध असलेले बंदर लागते. मासे खाणाऱ्यांनी तिथून दोन डबे जरूर घ्यावेत, इतरांनी थेट पुढे जावे.

सांतांदेर या शहराबाबत निर्णय घ्यावा लागतो. त्याची खाडी सुंदर आहे आणि रेंझो पियानो यांनी उभारलेले, २०१७ साली उघडलेले सेंत्रो बोतीन हे पाण्यावर झुकलेले कलाकेंद्र पाहण्याजोगे आहे. पण एकूण सहाच दिवस असतील, तर सांतांदेर गाळावे. शहरे दोन्ही टोकांना आहेतच. मध्येही शहर घातले, तर वाहनतळ शोधण्यात अर्धा दिवस जातो.

पहिला मुक्काम सांतिल्याना देल मार येथे करावा. या गावाच्या नावाविषयी स्पॅनिश लोक गमतीने म्हणतात की त्यात तीन खोट्या गोष्टी आहेत. गाव ‘सांता’ म्हणजे पवित्र नाही, ‘याना’ म्हणजे सपाट नाही आणि तिथे ‘मार’ म्हणजे समुद्रही नाही. दिवसा बसगाड्यांनी भरलेल्या या फरसबंदी गावात संध्याकाळी सहानंतर शांतता पसरते. रात्री मुक्काम करणाऱ्यालाच खरे गाव पाहायला मिळते, आणि मुक्काम इथे करण्याचे कारणही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन किलोमीटरवरच्या आल्तामिराला जावे. १८७९ साली मार्सेलिनो सान्स दे साउतुओला या गुहेत उत्खनन करत असताना त्यांच्या मारिया या लहान मुलीचे लक्ष छतावरच्या गव्यांच्या चित्रांकडे गेले. ही चित्रे अश्मयुगीन आहेत, हे मान्य करायला विद्वानांनी पुढची वीस-बावीस वर्षे घेतली आणि तोवर साउतुओला हयात नव्हते. मूळ गुहा चित्रांच्या रक्षणासाठी सर्वसामान्य पर्यटकांना बंद आहे. पाहायला मिळते ती २००१ साली शेजारी उभारलेली हुबेहूब प्रतिकृती. प्रतिकृती म्हटल्यावर काही जण नाक मुरडतात, पण खडकाच्या उंचवट्याचा उपयोग करून गव्याची पाठ कशी उठवली आहे, हे तिथे निवांत पाहता येते. संग्रहालय सोमवारी बंद असते आणि प्रवेशिका आधी काढलेली बरी. तुमचा दुसरा दिवस सोमवारी येत असेल, तर संपूर्ण प्रवासच एक दिवस पुढे-मागे करून पाहावा.

आल्तामिराहून कोमिय्यासपर्यंत किनाऱ्याकडचा सीए-१३१ हा रस्ता घ्यावा. मार्गदर्शक यंत्र आपल्याला वारंवार ए-८वर ढकलू पाहते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक मधले गाव स्वतंत्र थांबा म्हणून नोंदवणे. कोमिय्यासमध्ये वास्तुकार गौदी यांनी आपल्या कातालोनिया प्रांताबाहेर उभारलेल्या मोजक्या इमारतींपैकी एक, १८८३ ते १८८५ या काळात बांधलेले ‘एल काप्रिचो’ आहे. भिंतींवर सूर्यफुलांच्या फरशा बसवलेले हे घर पाहायला तासभर पुरतो. त्यापुढे सान विसेन्ते दे ला बार्केरा येथे खाडीवरच्या लांब दगडी पुलाच्या अलीकडे थांबावे. आकाश स्वच्छ असेल तर होड्या, गाव, किल्ला आणि त्यामागे पिकोसची करडी भिंत एकाच नजरेत येते. ही भिंत ढगात असेल, तर ती पुढच्या दिवसाची सूचना समजावी.

डोंगर : प्रवासाचा गाभा

उंकेरा येथे महामार्ग सोडून एन-६२१ने दक्षिणेकडे वळावे. पोतेसपर्यंतचे चाळीसेक किलोमीटर तासाभराचे समजावेत. त्यातील सुमारे वीस किलोमीटर देवा नदीच्या ला एर्मिदा या घळीतून जातात. दोन्ही अंगांना शेकडो मीटर उंच सरळ कडे, मध्ये नदी आणि तिला चिकटून रस्ता, एवढीच जागा तिथे आहे. मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. घळीच्या वरच्या टोकाला लेबेन्या गावाची पाटी दिसली की आत वळावे. तिथे दहाव्या शतकातील सांता मारिया हे मोसाराबिक म्हणजे अरबी प्रभाव असलेल्या ख्रिस्ती शैलीचे, घोड्याच्या नालेसारख्या कमानींचे छोटे चर्च आहे. चर्चपेक्षाही त्याची जागा मनात राहते, कारण घळीच्या अंधारातून आल्यावर इथेच प्रथम उजेड मोकळा होतो.

पोतेस या गावी दोन रात्री राहावे, आणि तीन राहता आल्या तर फारच उत्तम. हा लिएबाना खोऱ्याचा मध्य आहे. डोंगरांनी चहूबाजूंनी अडवल्यामुळे इथले हवामान किनाऱ्यापेक्षा कोरडे असते आणि द्राक्षवेलीही दिसतात. त्यामुळे समुद्रावर ओर्बायू चालू असताना इथे ऊन असणे ही नवलाची गोष्ट नाही. सोमवारी गावात बाजार भरतो. जवळच सांतो तोरिबिओ हा मठ आहे. ख्रिस्ताच्या क्रुसाचा मोठा अवशेष म्हणून श्रद्धेने जपलेला लाकडाचा तुकडा तिथे आहे. ज्या वर्षी १६ एप्रिल रविवारी येतो ते या मठाचे पवित्र वर्ष असते. यापुढचे २०२८ साली आहे, तेव्हा खोऱ्यातील मुक्काम फार आधी ठरवावा लागेल.

पोतेसहून २३ किलोमीटरवर रस्ता संपतो आणि समोर कड्यांचे अर्धवर्तुळ उभे राहते. हे फुएन्ते दे. १९६६ साली सुरू झालेली तिथली केबल कार मध्ये एकही खांब नसताना चार मिनिटांत ७५३ मीटर चढून १,८२३ मीटर उंचीवर नेते. तिकीट आधी काढावे, पण कोणत्या दिवसाचे काढावे हा प्रश्न उरतो. दोन रात्रींचा आग्रह त्यासाठीच आहे. पोतेसमध्ये दोन सकाळी हाताशी असतील, तर आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज आणि वरच्या स्थानकावरचा थेट कॅमेरा पाहून त्यातली चांगली सकाळ निवडता येते. पहिल्या गाडीने वर जावे, कारण दुपारी ढग चढण्याची शक्यता वाढते. वर नुसते छायाचित्र काढून खाली येणारे पुष्कळ असतात. पायांत बळ असेल तर वरून आलिवाच्या कुरणांतून चालत परत खाली येणारी वाट घ्यावी. ती सुमारे चौदा किलोमीटरची, बहुतांशी उताराची आहे, पण बूट चांगले हवेत आणि धुके असल्यास ती घेऊ नये.

पोतेसहून कांगास दे ओनीसला जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि निवड त्या सकाळी करावी. हवा स्वच्छ असेल तर डोंगराला दक्षिणेकडून वळसा घालणारा मार्ग घ्यावा. पोतेसला टाकी भरून एन-६२१ने सान ग्लोरिओच्या १,६०९ मीटर उंचीच्या खिंडीत चढावे. पोतेसपासूनची ही चढाई सुमारे १,३०० मीटरची, म्हणजे समुद्रसपाटीपासून जवळजवळ महाबळेश्वरपर्यंतची आहे, आणि ती तीसेक किलोमीटरच्या आत पुरी होते. खिंडीतून एक कच्चा रस्ता येस्बा या खांद्याकडे जातो, तिथे अस्वलाचा दगडी पुतळा आहे. या डोंगरांत तपकिरी अस्वले आजही आहेत. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर चालेलच असे नसल्याने हे दोनेक किलोमीटर पायीच जावे. पूर्ण प्रवासातले सर्वांत विस्तृत दृश्य मला इथले वाटते.

खिंडीपलीकडे कास्तिया-लेओन हा प्रांत लागतो आणि उजेडाचा रंगच बदलतो. हिरवा ओलावा मागे पडतो आणि रुक्ष, उघडे डोंगर सुरू होतात. रियान्योच्या जलाशयाकाठी जेवायला थांबावे. आजचे रियान्यो नवे गाव आहे. जुने रियान्यो आणि आसपासची गावे १९८७ साली धरणासाठी पाडून पाण्याखाली घालण्यात आली. कोयनेच्या आणि उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची आठवण असलेल्या वाचकाला तिथल्या निळ्या पाण्याकडे केवळ देखावा म्हणून पाहता येणार नाही. तिथून एन-६२५ने पोन्तोनची खिंड ओलांडून सेय्या नदीबरोबर बेयोसच्या घळीतून उतरावे. ही घळ ला एर्मिदाहून अरुंद आहे. वळणांवर समोरून बस आली, तर थांबून तिला वाट द्यावी. पावसानंतर रस्त्यावर दगड पडलेले असू शकतात. एकूण अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्याला पूर्ण दिवस द्यावा.

ढग खाली असतील तर हट्ट करू नये. ला एर्मिदातून परत पानेसला यावे आणि एएस-११४ने कारेस नदीच्या काठाने कांगासला जावे. हे अंतर ८०-८५ किलोमीटर आहे. वाटेत आरेनास दे काब्रालेस लागते. डोंगरातील नैसर्गिक गुहांमध्ये मुरवलेले निळ्या बुरशीचे काब्रालेस चीज इथले. त्याचा वास गाडीत दोन दिवस राहतो, हे विकत घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे. जवळच्या पोन्सेबोसहून काइनपर्यंत जाणारी कारेस घळीची पाऊलवाट एका बाजूने सुमारे १२ किलोमीटरची आहे. ती पूर्ण करायची तर एक दिवस वाढवावा लागतो.

कोवादोंगा आणि शेवटचा टप्पा

कांगास दे ओनीसहून कोवादोंगा दहा-अकरा किलोमीटरवर आहे. आठव्या शतकात आस्तुरियासचा पहिला राजा मानला जाणारा पेलायो याने इथे मुस्लिम फौजेचा पराभव केला, असे परंपरा सांगते. त्या लढाईचे वर्ष बहुधा ७२२ मानले जाते. कड्यातल्या कपारीत त्याची समाधी आहे. १९१८ साली स्पेनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान याच भागात जाहीर झाले आणि १९९५मध्ये ते वाढवून त्याला पिकोस दे एउरोपा हे नाव मिळाले. कोवादोंगाच्या वर बारा किलोमीटरवर एनोल आणि एर्सिना हे दोन सरोवर आहेत. तिथला तीव्र चढ सायकल शर्यतींमुळे प्रसिद्ध आहे. गर्दीच्या काळात दिवसभर या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते आणि कांगासच्या बाजूच्या वाहनतळांवरून बसने जावे लागते. बंदीचे दिनदर्शक आधी पाहून बसचे तिकीट काढावे. आपली गाडी वाहनतळावर ठेवून बसने जाणे मला तरी अधिक सुखाचे वाटते, कारण त्या वळणांवर चालकाला दरी पाहण्याची मुभा नसते.

ऑगस्टच्या सुरुवातीच्या शनिवारी अर्रिओन्दास ते रिबादेसेय्या अशी सेय्या नदीतली प्रसिद्ध नौकाशर्यत असते. ती पाहायचीच नसेल, तर त्या दिवशी या खोऱ्यातून गाडी नेऊ नये.

शेवटच्या दिवशी अर्रिओन्दासहून एएस-२६० या घाटरस्त्याने समुद्राकडे परत यावे. घाटमाथ्यावर फितो हे निरीक्षणस्थळ आहे. तिथल्या गोलाकार सज्जावर उभे राहिले की एका बाजूला पिकोस आणि दुसऱ्या बाजूला समुद्र दिसतो, म्हणजे आतापर्यंतचा सगळा प्रवास मागे वळून पाहता येतो. खाली कोलुंगाजवळ डायनासोरच्या पावलाच्या आकाराचे ज्युरासिक संग्रहालय आहे. मुले बरोबर असल्यास ते चुकवू नये. शेजारचे लास्त्रेस हे उतारावर रचलेले कोळ्यांचे गाव. पुढे विय्याविसिओसा हा सफरचंदांचा प्रदेश येतो आणि तिथून थोड्या आडवाटेवर वाल्देदिओसच्या हिरव्या खोऱ्यात ८९३ साली प्रतिष्ठापना झालेले सान साल्वादोरचे चर्च आहे. हा आडवळणाचा अर्धा तास वाया जात नाही.

जेवणाचे वेळापत्रक

दुपारचे जेवण दीड ते साडेतीन आणि रात्रीचे साडेआठनंतर, या वेळा पाळल्या नाहीत तर लहान गावांत स्वयंपाकघर बंद मिळते. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ मागावा. ठरावीक किमतीत दोन पदार्थ, पाव आणि गोड मिळून पोटभर होते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्याने फळे, दही, पाणी शनिवारीच भरून ठेवावे.

शाकाहारी लोकांनी गाफील राहू नये. आस्तुरियासची ‘फाबादा’ ही पांढऱ्या, मोठ्या, वालासारख्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ दिसते घरच्यासारखी, पण ती डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेली असते. लिएबानाचे ‘कोसिदो’ हे छोट्या हरभऱ्यांचे कालवणही तसेच. ‘मिश्र सॅलड’मध्ये बहुधा ट्यूना मासा असतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’ म्हणजे मांस, मासे, हॅम यांवाचून, असे तिन्ही शब्द उच्चारावेत, कारण केवळ मांस नको म्हटल्यास हॅम ताटात येऊ शकते. अंडे चालत असेल तर बटाट्याची ‘तोर्तिया’ जवळपास सर्वत्र मिळते, आणि चीज व पाव यांवर हा प्रदेश कुणाला उपाशी ठेवत नाही.

ओविएदोत पोहोचल्यावर आधी नारांको टेकडीवर जावे, कारण त्यासाठी गाडी उपयोगी पडते. राजा रामिरो पहिला याच्या काळात, नवव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या सांता मारिया आणि सान मिगेल या दोन वास्तू तिथे आहेत. सांता मारिया मुळात चर्च नव्हे, तर राजवाड्याचा दिवाणखाना होता, हे तिचे उंच सज्जे पाहिल्यावर लगेच पटते. आत जाण्याच्या वेळा मर्यादित असतात, त्या आदल्या दिवशी तपासाव्यात. त्यानंतर खाली उतरून गाडी परत करावी आणि मगच सिद्रा म्हणजे सफरचंदाचे मद्य मिळणाऱ्या घरांच्या गास्कोना या रस्त्याकडे चालत जावे. तिथे वाढपी बाटली डोक्याच्या वर धरून खाली धरलेल्या पेल्यात सिद्रा घोटभरच ओततो आणि तो घोट फेस विरण्याच्या आत एका दमात प्यायचा असतो. स्पेनमध्ये मद्य पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा कडक आहे आणि सिद्रा एका घोटावर थांबत नाही, म्हणून गाडीची किल्ली आधी काउंटरवर पोहोचलेली असावी.